श्वानोमा की न्यूरोफायब्रोमा? प्रश्न तंतूंच्या जागेचा

कातडीखालची, दाबली की झिणझिण्या आणणारी गाठ मज्जातंतूची निघाली आणि ‘कॅन्सर नाही’ असं कळलं, की बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. ती संपू नये. गाठ श्वानोमा आहे की न्यूरोफायब्रोमा, हेही विचारावं, कारण शस्त्रक्रियेचं गणित त्यावर ठरतं.

दोन्ही गाठी मज्जातंतूच्या आवरणातून उगवतात आणि सावकाश वाढतात. बोटांनी त्या आडव्या सरकवता येतात, मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने मात्र सहसा हलत नाहीत. एमआरआयवरही पुष्कळदा नक्की निवाडा होत नाही.

खरा फरक आतला. श्वानोमा जवळजवळ निव्वळ श्वान पेशींचा, म्हणजे मज्जातंतूचं आवरण बनवणाऱ्या पेशींचा असतो. त्याला स्वतःचं वेष्टन असतं आणि तो मज्जातंतूतल्या बारीक तंतूंना कडेला सारून वाढतो. त्यामुळे सर्जन वेष्टन उघडून गाठ सोलून काढू शकतात आणि बहुतेक वेळा मज्जातंतूचं काम शाबूत राहतं. न्यूरोफायब्रोमात श्वान पेशींबरोबर फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या पेशी), मास्ट पेशी (रोगप्रतिकार यंत्रणेतल्या), कोलॅजन (तंतुमय प्रथिन) अशी सरमिसळ असते. वेष्टन नाही, आणि तंतू गाठीच्या पोटातूनच गेलेले! मोठ्या मज्जातंतूवरची अशी गाठ समूळ काढायची तर काही तंतूंवर पाणी सोडावं लागू शकतं. त्वचेतल्या छोट्या गाठीला ही अडचण नसते.

सूक्ष्मदर्शकाखाली श्वानोमात पेशींच्या केंद्रकांच्या समांतर रांगा दिसतात. विकृतिशास्त्रज्ञ व्हेरोके यांनी 1910 मध्ये त्यांचं वर्णन केलं. एस-100 हे प्रथिन शोधणाऱ्या रंगचाचणीत श्वानोमा जवळपास सगळा रंगतो, न्यूरोफायब्रोमाचा काही भागच.

एकुलती गाठ असेल तर दोन्हींमागे बहुधा आनुवंशिक आजार नसतो. अनेक असतील तर वाटा फुटतात. अनेक न्यूरोफायब्रोमा आणि दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतील, तर एनएफ-1 (न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1) या जनुकीय आजाराचा विचार होतो. तो सुमारे 3000 जन्मांत एकाला होतो, आणि निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत तो नसतोही. दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर श्वानोमा असेल, तर संशय 22व्या गुणसूत्रावरच्या एनएफ-2 जनुकातल्या बिघाडावर जातो.

श्वानोमा कर्करोगाकडे वळणं अतिशय दुर्मीळ. एनएफ-1 मधल्या प्लेक्सिफॉर्म (मज्जातंतूच्या फांद्यांत जाळ्यासारख्या पसरलेल्या) न्यूरोफायब्रोमाच्या बाबतीत मात्र ही धास्ती खरी आहे: गाठ झपाट्याने वाढू लागली, स्वस्थ बसल्यावरही ठणकू लागली किंवा हातापायाची ताकद कमी झाली, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावं.