ब्राउझरचे पोटभाडेकरू

जुनं एखादं पान उघडावं आणि जिथे खेळ किंवा हलतं चित्र असायचं तिथे नुसता राखाडी चौकोन दिसावा, असं अनेकांच्या बाबतीत झालं असेल. त्या चौकोनात एकेकाळी प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला दुसऱ्याचा प्रोग्राम, नांदत होतं.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर ब्राउझरला मजकूर आणि स्थिर चित्रं यापलीकडे फारसं काही जमत नसे. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरने त्यावर तोड काढली: जे येत नाही ते दुसऱ्याच्या प्रोग्रामवर सोपवायचं. पानातला एक चौकोन त्याला देऊन टाकायचा, आत काय चितारायचं ते त्याचं तो बघेल. या जोडणीचं नाव एनपीएपीआय. खेळ आणि हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश, तसंच जावा, सिल्व्हरलाइट ही प्लगइनं याच दाराने आत आली. (इंटरनेट एक्स्प्लोररचं दार वेगळं, अॅक्टिव्हएक्सचं. तिथली कथाही फार निराळी नाही.)

गोम होती ती अधिकारांत. पानातल्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानासोबत येणाऱ्या कोडच्या भाषेला, ब्राउझर मुठीत ठेवतो. तुमच्या डिस्कवरच्या फायली ती परस्पर वाचू शकत नाही. प्लगइन मात्र थेट यंत्रावर चालणारा प्रोग्राम. संगणकावर जे तुम्हाला करता येतं ते सगळं त्यालाही करता येई. त्यात एखादी चूक राहिली, आणि फ्लॅशमध्ये तर त्या सतत सापडत, की खास रचलेली एक फाइल पानात ठेवून कुणीही संगणकाचा ताबा घेऊ शके. दुरुस्ती ब्राउझरवाल्यांच्या हातात नाही, शिव्या मात्र त्यांच्याच वाट्याला! पुढे प्लगइनना वेगळ्या कप्प्यात कोंडून पाहिलं, पण ती मलमपट्टीच होती.

तोवर एचटीएमएल५मुळे, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या नव्या आवृत्तीमुळे, व्हिडिओ आणि हलती चित्रं ब्राउझरला स्वतःलाच जमू लागली. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये एनपीएपीआय काढून टाकलं. मार्च २०१७मध्ये फायरफॉक्सने फक्त फ्लॅशला ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं. २०२० संपताना फ्लॅशची मालक कंपनी अॅडोबीने त्याचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून लोकांच्या संगणकांवरच्या फ्लॅशनेही आपणहून चालायला नकार दिला. तरी दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याने त्याच महिन्यात आपल्या जुन्या अर्जांसाठी फ्लॅश चालणारा स्वतंत्र ब्राउझर काढलाच.

फ्लॅशमधले जुने खेळ मात्र सगळेच गेले नाहीत. रफल नावाचा मुक्त प्रोग्राम फ्लॅशची नक्कल करतो आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्याच्या जोरावर असे कितीतरी खेळ पुन्हा चालतात. तो ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीतून, म्हणजे ब्राउझर स्वतःच्या मुठीत ठेवून चालवतो अशा कोडच्या रूपात, चालतो, म्हणजे डिस्कवरच्या फायलींबाबत त्यालाही जावास्क्रिप्टचेच नियम लागू.