गावाखालचं भुयार नव्हे, ते ज्वारीचं पेव

जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, जमीन खचली की गावात एकच बोलबाला होतो: भुयार सापडलं, थेट किल्ल्यापर्यंत जातं, आत धन आहे आणि त्यावर नाग बसलाय. दिवा खाली सोडला की विझतो, हा त्याचा पुरावा.

तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट फुगलेलं, कुठेही पायरी नाही की बाजूला वाट नाही? मग ते पेव आहे, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. काळी माती ओल धरते, भेगाळते. म्हणून पेव पांढरीत, उंचवट्यावर खणत. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचं. कडेचे दाणे ओलीने काळे पडतात, मधले टिकतात. बियाणं मात्र वेगळं ठेवावं लागे, कारण पेवातल्या दाण्याची उगवण घटते. सांगलीजवळ हरिपूरला हळदही अशीच पेवांत साठवत.

दिवा विझवणारा नाग नसतो. कोंडलेलं धान्य आणि बुरशी श्वसनाने प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. दिवा विझला तर उतरायचंच नाही. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असंही नाही. तोंड उघडून, पंख्याने हवा खेळवून, वायुमापकाने तपासल्याशिवाय कुणी आत जाऊ नये. आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी मारू नका, दुसराही तिथेच पडतो. उतरणाऱ्याच्या काखेतून आधीच दोर बांधलेला असावा, म्हणजे वरूनच ओढता येतं.