शेनिनचा हट्टी आंबटपणा

फ्रान्समध्ये तूर शहराच्या पूर्वेला, ल्वार नदीच्या उत्तर काठावर व्हूव्रे नावाचं गाव आहे. तिथली पांढरी वाईन जवळजवळ सगळी शेनिन ब्लाँ या एकाच द्राक्षाची. पण लेबलावर ‘व्हूव्रे’ हे एकच नाव असूनही एका बाटलीत कोरडी, दुसरीत अर्धगोड, तिसरीत मधाळ, तर चौथीत फेसाळ वाईन निघते. एकाच जातीला हे जमतं ते तिच्या आंबटपणामुळे.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकू लागला की त्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक खर्च करतात, आणि हवा जितकी गरम तितका हा खर्च वाढतो. टार्टारिक मात्र बरंचसं टिकून राहतं. व्हूव्रे 47 अंश उत्तरेला आहे. तिथे शेनिनची तोडणी सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबते. त्या दिवसांतल्या गार रात्रींमुळे मॅलिक शिल्लक राहतं. पुढे जिवाणू त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल करू शकतात, पण इथले बहुतेक वाईनवाले ते मुद्दाम होऊ देत नाहीत.

थंडीच्या वर्षी मण्यांत साखर कमी भरते. मग माल फेसाळ वाईनकडे वळतो. तिला कमी साखर आणि जास्त आम्लच हवं असतं. लांबलेला उबदार शरद मिळाला तर वेगळाच खेळ. सकाळी नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं आणि बोट्रायटिस ही बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते. पाणी उडून जातं, मणी सुकतात, साखर दाटते. हीच बुरशी पावसाळी हवेत अख्खा घड कुजवते, त्यामुळे थांबणं म्हणजे जुगारच! सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच वेलींवरून पुन्हा पुन्हा फिरतात. 1947 सालच्या गोड व्हूव्रेचं नाव आजही निघतं. ‘मोएलो’ म्हणजे गोड प्रकारात लिटरमागे 12 ते 45 ग्रॅम साखर उरते. तरी ती चिकट लागत नाही. लिंबू पुरेसं पिळलेल्या सरबतातली साखर जशी जिभेवर बसत नाही, तसंच.

गावाखाली तूफो नावाची मऊ चुनखडी आहे, सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेली. वाडे बांधायला ती खणून काढली आणि त्या खाणींचीच तळघरं झाली. आत बारा महिने 12 अंशांच्या आसपास तापमान. (टीजीव्ही रेल्वेसुद्धा इथे द्राक्षमळ्यांच्या खालून बोगद्यातून जाते.) खडकाची चव वाईनमध्ये उतरते असं रसिक सांगतात. मला ते पटत नाही. मुळांतून येणारी खनिजं चव लागण्याइतकी नसतात. सच्छिद्र चुनखडी जास्तीचं पाणी निचरू देते आणि कोरड्या दिवसांसाठी थोडं धरून ठेवते, हा तिचा खरा उपयोग.

हेच शेनिन नाशिकलाही पिकतं, पण तिथलं गणित उलटं आहे. वेल झोपी जाईल इतकी थंडी नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करावी लागते. तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा ऊन तापत जातं आणि मॅलिक झपाट्याने उतरतं, त्यामुळे साखर किती भरली एवढं बघून चालत नाही. आम्ल हातचं जायच्या आत घड उतरवावे लागतात.

जेवणाबरोबर या आम्लाचा फायदा सरळ आहे. आंबटाने लाळ सुटते आणि तोंडातला स्निग्धपणा कमी जाणवतो. म्हणूनच तूरकडे कोरड्या व्हूव्रेबरोबर सेंत-मोर हे शेळीच्या दुधाचं चीज खातात, तसंच लोण्याच्या सॉसमधला नदीतला मासा आणि डुकराच्या मांसाचं चरबीदार रियेत. गोड प्रकार फळांच्या टार्टबरोबर ठीक, पण मी तो निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर घेईन.

तिखटाचं मात्र जपून. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या संवेदकाला डिवचतं, त्यालाच अल्कोहोलही चाळवतं, त्यामुळे कडक वाईनने आग वाढते. साखर ती जरा दबवते. मालवणी कोळंबीसमोर व्हूव्रे ठेवायची असेल तर कोरडी नको, अर्धगोड निवडा, आणि चांगली गार करून.