‘नीड’ आणि ‘बेस्ट’: ड्राफ्टच्या रात्री चाहते नेमके कशावरून भांडतात

१३ फेब्रुवारी २०२२, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना. सिनसिनाटी बेंगल्स तीन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि पुढे सरकायला हवा फक्त एक यार्ड. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जो बरोच्या हातात चेंडू येतो न येतो तोच प्रतिस्पर्धी रॅम्सचा ॲरन डॉनल्ड भिंत फोडून त्याच्या अंगावर. बरो गरगर फिरत कसाबसा चेंडू भिरकावतो, चेंडू जमिनीवर पडतो आणि २३-२० असा खेळ खलास. रीप्लेमध्ये मात्र आणखी एक गोष्ट दिसली. पलीकडे जमार चेस आपल्या बचावपटूला मागे टाकून मोकळा धावत होता. बरोला आणखी सेकंदभर मिळाला असता तर काय झालं असतं, यावर सिनसिनाटीत अजून चर्चा चालते.

त्या एका चालीत दहा महिन्यांपूर्वीचं अख्खं भांडण सापडतं. एप्रिल २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सचा नंबर पाचवा होता. बरो हा त्यांचा आदल्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा पिक, म्हणजे निवड. दहा सामन्यांत त्याला ३२ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच आडवं पाडलं गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये गुडघा फाटून तो घरी बसला. समोर दोन नावं होती. ओरेगनचा पेनेई सूएल हा ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची ढाल. दुसरा जमार चेस हा वाइड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलणारा, एलएसयू या कॉलेजात बरोच्याच संघात खेळलेला. माझा मावसभाऊ सिनसिनाटीत राहतो. त्या महिन्यात तो फोनवर घरच्यांची चौकशी आधी दोन मिनिटांत उरकायचा आणि मग सुरू व्हायचा: “अरे, फेकणाराच आडवा पडला तर तुझ्या चेसला चेंडू कोण देणार, मी?” तो ‘नीड’वाला. मी ‘बेस्ट’वाला, म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपले डोळे आयपीएलच्या लिलावाला सरावलेले आहेत. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. कॉलेजातून येणारे खेळाडू, ३२ संघ, सात फेऱ्या, आणि मागच्या मोसमात जो तळाशी तो सगळ्यात आधी. ही पद्धत १९३६ पासून चालू आहे. त्यामुळे ‘हा महाग पडला’ अशी तक्रार इथे होत नाही. तक्रार होते ती ‘याच्या जागी तो का नाही घेतला’ ही. अशी तक्रार वर्षानुवर्षं टिकते, कारण ‘तो’ दुसऱ्या संघाकडून दर रविवारी टीव्हीवर दिसत राहतो.

भांडणात दोन शब्द सतत येतात. ‘नीड’ म्हणजे संघात जी जागा लंगडी आहे ती भरणारा खेळाडू. ‘बेस्ट प्लेयर अव्हेलेबल’, लाडाने बीपीए, म्हणजे आपली पाळी येईल तेव्हा यादीत उरलेल्यांपैकी सगळ्यात वरचा, जागा कुठलीही असो. ऐकायला सोपं आहे. पण ‘नीड’ म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जण खरं तर ‘या सप्टेंबरची नीड’ म्हणत असतात, आणि ‘बेस्ट’ म्हणणारे ‘मला सगळ्यात आवडलेला’ म्हणत असतात. माझाही नंबर यांतच होता, हे सांगून टाकतो.

नीडला तारीख असते. ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतला असेल तर संघाच्या मर्जीने पाचवं वर्षही. बावीस वर्षांचा पोरगा पहिल्या वर्षी धडपडणार, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रंग दाखवणार. यंदाचं भोक बुजवायला मार्च महिन्यातली फ्री एजन्सी असते. तिथे तयार, जाणता खेळाडू पैसे मोजून मिळतो. अक्षय तृतीयेला पाहुणे येणार म्हणून कुणी दारात हापूसचं कलम लावत नाही, पेटी आणतो. बेंगल्सनेही तेच केलं होतं. त्या मार्चमध्ये त्यांनी रायली रीफ हा अनुभवी टॅकल एका वर्षासाठी आणला. डाव्या बाजूला २०१९ चा पहिल्या फेरीतला जोना विल्यम्स होताच. म्हणजे ढालीची पेटी घरात आली होती. प्रश्न होता कलम कशाचं लावायचं हा. मावसभावाला हे पटायला सात महिने लागले. (पूर्ण पटलं असं अजूनही नाही.)

आता बेस्टकडे वळू, कारण जास्त गोंधळ इथे आहे. ‘सगळ्यात चांगला खेळाडू’ आणि ‘सगळ्यात मोलाचा पिक’ या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, घेतला. त्याच्या गुणांबद्दल वादच नव्हता. तो त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पण रनिंग बॅक ही जागा अशी की तिथे बऱ्यापैकी काम करणारा माणूस चौथ्या फेरीतही सापडतो, आणि बाजारात त्याचा भाव क्वार्टरबॅकच्या पासंगालाही पुरत नाही. जायंट्सचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता. जॉश ॲलन त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर बफेलोला गेला. पुढची चारही वर्षं जायंट्स हरत राहिले. बार्कली शेवटी फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, २०२४ च्या मोसमात २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. खेळाडू बेस्टच होता. फक्त ज्याचं छप्पर गळतंय त्याने झुंबर विकत घेतलं होतं.

हा फरक २०११ पासून जास्त बोचतो, तो पैशामुळे. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा नवखा खेळाडू संघाची तिजोरी रिकामी करायचा. २०१० चा सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांच्या ७८ दशलक्ष डॉलरच्या करारावर आला. पुढच्या वर्षी नवा कामगार करार झाला, नवोदितांच्या पगाराला क्रमांकानुसार टोपण बसलं, आणि २०११ चा पहिला पिक कॅम न्यूटन चार वर्षांच्या साधारण २२ दशलक्षांवर आला. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, सगळ्या संघांना सारखीच. म्हणून ज्या जागांचा बाजारभाव आभाळाला भिडलाय, म्हणजे क्वार्टरबॅक, टॅकल, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर आणि अलीकडे वाइड रिसीव्हर, तिथला माणूस ड्राफ्टमधून स्वस्तात मिळाला तर वाचलेल्या पैशांत आणखी दोन-तीन जागा भरता येतात. संघांच्या यादीतला ‘बेस्ट’ हा हिशेब पोटात घेऊन आलेला असतो. चाहत्यांच्या यादीतला बहुधा हायलाइट्सचे व्हिडिओ बघून आलेला असतो.

ही यादीसुद्धा वाटते तशी एकाखाली एक नसते. बरेच संघ खेळाडूंचे थर लावतात: हे पाच एका तोडीचे, त्याखाली हे आठ एका तोडीचे. थरातल्या थरात कोण सरस हे छातीठोक सांगता येत नाही. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी ड्राफ्टचे आकडे तपासले तेव्हा एकाच जागेवरच्या लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी घेतलेला सरस ठरण्याचं प्रमाण निम्म्याहून किंचितच वर निघालं. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. म्हणून थर समान असेल तिथे नीड पाहावी आणि थर वेगळा असेल तिथे वरचा उचलावा, हा बऱ्याच जाणत्यांचा मार्ग. नीड ही तराजू अडला की टाकायची शेवटची गुंज आहे. लोक तिलाच माप समजतात.

दोन्ही बाजूंना आपापली भुतं आहेत. डेट्रॉइट लायन्सने २००३, २००४ आणि २००५ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिल्या दहांत वाइड रिसीव्हर घेतला. तिसऱ्या खेपेला दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्स, आणि लगेच अकराव्यावर डॅलसने डीमार्कस वेअर उचलला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००८ मध्ये लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. कुणी म्हणेल, ही बीपीएची फळं. माझ्या मते ही चुकीच्या मूल्यमापनाची फळं. तिघांपैकी एकच जण बऱ्यापैकी निघाला.

उलट बाजूचं भूत २०२० चं. ईगल्सना वेगवान वाइड रिसीव्हर हवा होता, म्हणजे जागा तर ठरलेलीच, शिवाय त्या जागेतला प्रकारही. २१ व्या क्रमांकावर त्यांनी जेलन रेगर घेतला. २२ व्यावर मिनेसोटा वायकिंग्जने जस्टिन जेफरसन घेतला, आणि तो पहिल्याच मोसमात १,४०० यार्ड घेऊन मोकळा. गंमत अशी की वायकिंग्जनाही वाइड रिसीव्हरच हवा होता. महिनाभरापूर्वी त्यांनी स्टेफन डिग्ज बफेलोला दिला होता, आणि हा २२ वा पिक त्याच्याच बदल्यात आला होता. दोघांची नीड एकच. एकाने ती रुंद ठेवली, दुसऱ्याने इतकी अरुंद केली की चांगला माणूस तिच्यात बसेना. म्हणून ‘ईगल्स नीडमुळे बुडाले’ हे वाक्य ऐकलं की मी ‘कुठल्या’ असं विचारतो.

त्याच रात्री आणखी एक आग लागली, ग्रीन बेमध्ये. तिथला संघ पॅकर्स आदल्या मोसमात १३-३ (१३ जिंकले, ३ हरले) होता, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोकडून ३७-२० हरला होता. त्यांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा. सगळ्या गावाला वाइड रिसीव्हर हवा होता. पॅकर्सनी चौथ्या फेरीतला पिक देऊन ३० वरून २६ वर उडी मारली आणि घेतला कोण, तर जॉर्डन लव्ह, क्वार्टरबॅक. त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये त्यांनी एकही वाइड रिसीव्हर घेतला नाही. २००५ मध्येही तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र ३५ वर्षांचा असताना त्यांनी २४ व्या क्रमांकावर असाच एक क्वार्टरबॅक घेतला होता आणि तीन वर्षं बाकावर बसवला होता. त्याचंच नाव ॲरन रॉजर्स.

लव्ह बेस्ट होता की नीड? लोकांनी ‘दोन्ही नाही’ म्हटलं. मला वाटतं तो नीडच होता, फक्त २०२३ च्या तारखेचा. रॉजर्सने मध्ये लागोपाठ दोन एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे किताब, जिंकून चाहत्यांची बाजू बळकट केली, पण सुपर बोल काही गाठलं नाही. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, लव्ह सुरुवातीपासून खेळला, संघ ९-८ करत प्लेऑफमध्ये शिरला आणि डॅलसला त्यांच्याच घरी ४८-३२ ने झोडपून आला. एक वाइड रिसीव्हर मिळाला असता तर २०२० किंवा २०२१ चं जेतेपद आलं असतं का? हा प्रश्न मी टाळत नाही. आलंही असतं. भविष्याच्या नीडची किंमत वर्तमानातूनच वळती होते.

वाइड रिसीव्हरबाबत पॅकर्सचा हट्ट मात्र बिनबुडाचा नव्हता. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डवांटे ॲडम्स हे चौघेही त्यांना दुसऱ्या फेरीत मिळाले. जी गोष्ट दुसऱ्या फेरीत मिळते तिच्यावर पहिली फेरी का घालवा, हा साधा विचार. बेंगल्सनीही २०२१ मध्ये हाच विचार उलटा करून वापरला: चेस आधी घेऊ, ढालीचा लाइनमन दुसऱ्या फेरीत बघू. तत्त्व बरोबर होतं, माणूस चुकला. ३८ वरून ४६ वर मागे सरकून त्यांनी जॅक्सन कारमन घेतला आणि तो काही रुजला नाही. ६३ व्या क्रमांकावर क्रीड हम्फ्री कॅन्सस सिटीला मिळाला, आज तो लीगमधल्या अव्वल सेंटर्सपैकी (ढालीच्या मधल्या खेळाडूंपैकी) एक. बरोला त्या मोसमात ५१ सॅक पडले, प्लेऑफमध्ये आणखी १९. चेसने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड काढले आणि २०२४ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला आणि ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या यादीतला, झाला. मावसभाऊ ७० सॅक हा आकडा सांगतो, मी चेसचे आकडे सांगतो, आणि मावशी दोघांना जेवायला बोलावते.

ग्रीन बेची गोष्ट अजून चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये ड्राफ्ट खुद्द पॅकर्सच्या मैदानाच्या, लॅम्बो फील्डच्या, अंगणात भरला. पॅकर्सनी २००२ च्या जॅवन वॉकरनंतर पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घेतलाच नव्हता. २३ व्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डनचं नाव पुकारलं गेलं, तो वाइड रिसीव्हरच, आणि तेवीस वर्षांचा उपास सुटल्यासारखं ते मैदान ओरडलं. तिसऱ्या फेरीत आणखी एक घेतला. मग ऑगस्टमध्ये त्यांनी डॅलसकडून मायका पार्सन्स हा एज रशर आणला. बदल्यात केनी क्लार्क हा बचावाच्या मधल्या फळीतला जुना खांब गेला, आणि २०२६, २०२७ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतले पिकही. आता तिथल्या चाहत्यांना एप्रिलमध्ये पहिल्या फेरीवर भांडायला काही उरलेलं नाही. ते दुसऱ्या फेरीवरून भांडतात, आणि विषय असतो क्लार्कची जागा.