सिरियलायझेशन (फंक्शनल प्रोग्रामिंग)

मेमरीत यादी, रेकॉर्ड किंवा ट्रीच्या रूपात असलेली माहिती फाइलमध्ये ठेवता यावी किंवा नेटवर्कवरून धाडता यावी म्हणून बाइटांच्या सलग ओळीत उतरवण्याची क्रिया. तीच माहिती परत उभी करणे म्हणजे डिसिरियलायझेशन. हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत (जिथे प्रोग्राम मुख्यतः फंक्शनांनी बांधला जातो) बाइटांचा क्रम बहुतांशी डेटाच्या टाइपवरून, म्हणजे त्याची रचना सांगणाऱ्या व्याख्येवरून ठरतो, पण टाइप स्वतः त्या बाइटांत जात नाही. या विषयातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे.

रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याचा हिशेब हास्केलमध्ये ठेवायचा आहे असे धरू. ‘नोंद’ या टाइपचे दोन प्रकार: आवक आणि जावक. दोन्हींत गावाचे नाव आणि किलोतले वजन. ‘बायनरी’ या हास्केलच्या लायब्ररीकडून एन्कोडर (मूल्य बाइटांत लिहिणारा कोड) आपोआप तयार करून घेतला, तर ‘आवक, रावेर, १२०० किलो’ ही नोंद ३२ बाइटांत बसते. पहिला बाइट ०. जावक असती तर १. पुढचे ८ बाइट नावाच्या लांबीचे, त्यानंतर नावाचे १५ आणि शेवटी वजनाचे ८: सहा शून्ये, मग ४ आणि १७६, कारण ४ × २५६ + १७६ = १२००.

नावाला १५ बाइट लागतात, कारण यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘रावेर’मध्ये अशी पाच चिन्हे आहेत, एकट्या ‘र’चे बाइट २२४, १६४, १७६. गंमत म्हणजे नाव ‘स्ट्रिंग’ टाइपचे असेल तर चिन्हे मोजून लांबी ५ लिहिली जाते, ‘टेक्स्ट’ टाइपचे असेल तर बाइट मोजून १५. फाइलचा आकार मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे नुसत्या आकारावरून ही गफलत सापडत नाही.

वर्षभराने कोणी कोड नीटनेटका करताना टाइपच्या व्याख्येत जावक आधी आणि आवक नंतर लिहिले, तर जुन्या फाइलमधली सगळी आवक जावक म्हणून वाचली जाते. कोड तपासून यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर हूं की चूं करत नाही. त्याच्या दृष्टीने टाइप बरोबरच आहे. म्हणून आपोआप मिळणारा एन्कोडर तात्पुरत्या कॅशेला ठीक, पण वर्षानुवर्षे जपायच्या हिशेबासाठी सुरुवातीला आवृत्तीचा आकडा टाकून फॉरमॅट हाताने लिहिलेलाच बरा. थोडे कष्ट पडतात, इतकेच.

दुसरी अडचण सामायिक भागांची. फंक्शनल भाषेत मूल्ये बदलत नसल्याने हजार नोंदी ‘रावेर’ या एकाच मूल्याकडे बोट दाखवू शकतात. बाइटांत उतरवताना मात्र ‘बायनरी’ त्याच्या हजार प्रती काढते. हास्केलची तीच ती मूल्ये फिरून येणारी अनंत यादी मेमरीत एका छोट्या चक्रात मावते; ती लिहायला घेतली तर लायब्ररी आधी लांबी मोजायला बसते आणि ते मोजणे संपतच नाही. ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेचे ‘मार्शल’ मॉड्यूल सामायिक भाग आणि चक्रे दोन्ही जपते. त्याची किंमत वाचताना मोजावी लागते: बाइट कोणत्या टाइपचे आहेत हे ते तपासत नाही, आणि चुकीच्या टाइपने वाचले तर प्रोग्राम कोसळू शकतो.

फंक्शन ही या भाषांतली मूल्येच, पण ती बाइटांत सहजी जात नाहीत. हास्केलची लायब्ररी त्यांना सरळ नकार देते. ओकॅमलमध्ये ‘क्लोजर्स’ हा पर्याय दिल्यास जातात, मात्र वाचणारा प्रोग्राम तोच असावा लागतो. अर्लांग ही फंक्शनल भाषा फंक्शनऐवजी त्याच्या मॉड्यूलचे नाव आणि ओळखखुणा पाठवते. प्रत्यक्ष कोड पलीकडे आधीपासून हवा. अर्लांगच्या बाह्य फॉरमॅटचा पहिला बाइट १३१ असतो आणि पुढच्या प्रत्येक मूल्यावर त्याच्या जातीची खूण असते, म्हणून टाइप माहीत नसतानाही तो वाचता येतो. परक्याकडून आलेले बाइट वाचताना ‘सेफ’ पर्याय द्यावा. नाहीतर नवनवी ॲटम (अर्लांगमधली नावांसारखी स्थिर मूल्ये) पाठवून कोणीही ॲटमचा तक्ता भरून टाकू शकतो.

एन्कोडर तपासण्याची रूढ कसोटी अशी: कोणतेही मूल्य लिहून परत वाचले की तेच मिळाले पाहिजे. २००० साली कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी मांडलेले ‘क्विकचेक’ हे चाचणीचे साधन अशी यादृच्छिक मूल्ये बनवून ही कसोटी घेते. आवक-जावकची अदलाबदल मात्र या कसोटीतून सुटते, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही नव्या क्रमानेच चालतात. ती पकडायला जुन्या आवृत्तीने लिहिलेली फाइलच चाचणीत ठेवावी लागते.