नऊ पिनांची नाडीपरीक्षा

पुण्यात सहकारनगरमधल्या एका बंगल्यात अंगणातले, जिन्यातले आणि फाटकावरचे दिवे कितीतरी वर्षं ठरल्या वेळी आपोआप लागत होते. काकांच्या मुलाने इंग्लंडहून येताना एक्स-१० जातीचा कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून दिवे चालू-बंद करणारी डबी, आणला होता. गेल्या पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर गेला, नवा लॅपटॉप आला आणि कंट्रोलर मुका झाला. "आता भंगारातच द्यायचा ना?" काकांनी विचारलं. म्हटलं, थांबा, आधी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर घेऊन येतो.

एक्स-१० हे तंत्र १९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलं. त्याला वेगळं वायरिंग लागत नाही, घरातल्या विजेच्या तारांवरूनच निरोप जातो. आपली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. नेमक्या त्या क्षणी, तारा शांत असताना, १२० किलोहर्ट्झची छोटीशी लहर सोडायची. लहर आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. ही बाजू सहसा बिघडत नाही. अडतं ते कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांच्यामधल्या हातभर केबलमध्ये, आणि माझ्या मते अशा बहुतेक डब्या विनाकारण भंगारात जातात.

ही केबल आरएस-२३२ या पद्धतीची. १९६० सालची ही पद्धत इतकी सरळ आहे की तिचा प्रत्येक टप्पा आपल्याला मोजून बघता येतो. अधिक ३ ते १५ व्होल्ट म्हणजे ०, उणे ३ ते १५ व्होल्ट म्हणजे १, आणि मधल्या पट्ट्याला अर्थच नाही. कोणी काही बोलत नसताना तार १ वर, म्हणजे उणे व्होल्टवर उभी असते. म्हणून मीटर लावला की बोलणारी बाजू जिवंत आहे का ते लगेच कळतं.

लॅपटॉपला सिरीयल पोर्ट, म्हणजे या केबलची नऊ पिनांची जागा, नव्हती, म्हणून काकांनी यूएसबीचा कन्व्हर्टर आणला होता. मीटरची काळी तार ५ नंबरच्या पिनला (ती ग्राउंड), लाल ३ नंबरला (तिच्यावर कॉम्प्युटर बोलतो). उणे ६ च्या आसपास. म्हणजे लॅपटॉपचं तोंड ठीक. मग कंट्रोलरकडून येणाऱ्या केबलच्या भोकांत वायरचे बारीक तुकडे खोचले. कॉम्प्युटर २ नंबरवर ऐकतो, तेव्हा उणे व्होल्ट तिथे हवे होते. ते निघाले ३ वर! दोघंही एकाच तारेवर बोलत होते आणि दुसऱ्या रिकाम्या तारेला कान लावून बसले होते. काकांनी केबल लांब करायला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून जोड-केबल आणली होती, ती निघाली क्रॉस, म्हणजे २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल केलेली. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला तशी केबल लागते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, त्यामुळे घेताना "क्रॉस की सरळ?" हे आधी विचारावं.

सरळ केबल लावली. तरीही सॉफ्टवेअर म्हणे, कंट्रोलर सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कन्व्हर्टरला कॉम ११ हा पोर्टचा नंबर मिळालेला, आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत नंबर फक्त ४ पर्यंत. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तो कॉम ३ केला. पुष्कळ स्वस्त कन्व्हर्टरांच्या चिपला स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. यूएसबीची जागा बदलली की विंडोज त्याला नवं यंत्र समजून नवा नंबर देतं. मी त्या जागेवर चिकटपट्टी लावून '३' लिहून ठेवलं.

कन्व्हर्टरवरच शंका असेल तर त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडाव्यात आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये (पोर्टवरून अक्षरं थेट पाठवणारा आणि आलेली दाखवणारा) काहीही टाइप करावं. अक्षर परत आलं, वायर काढल्यावर यायचं थांबलं, तर ड्रायव्हरपासून पिनेपर्यंत सगळं ठीक. मात्र वेगाची चूक यात पकडली जात नाही, कारण पाठवणारा आणि ऐकणारा एकच असतो. आरएस-२३२ च्या या जोडणीत घड्याळाची वेगळी तार नसते, दोन्ही बाजूंनी आपापलं मोजायचं. या कंट्रोलरचा वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे एक बिट सुमारे २०८ मायक्रोसेकंद. टर्मिनल ९६०० वर असेल तर कचरा दिसतो. पण कचरा दिसला तर मला आनंदच होतो, तारा बरोबर असल्याची ती खूण असते. आणि फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याचा होकार आल्यावरच पाठवायची सोय, बंद ठेवायचं. नाहीतर केबलमध्ये नसलेल्या तारेवरच्या होकाराची कॉम्प्युटर वाट बघत बसतो.

वेग ४८०० केला, टर्मिनल हेक्समध्ये ठेवलं, म्हणजे आलेला प्रत्येक बाइट दोन अक्षरांच्या सांकेतिक आकड्यात दिसतो. पडद्यावर दर सेकंदाला एकच अक्षरजोडी: ए५, ए५, ए५. वीज गेल्यावर घड्याळ हरवलं की हा कंट्रोलर असा हाका मारतो, वेळ विचारतो. मागचं झाकण काढलं तर एएए आकाराचे दोन्ही सेल फुटून पांढरी पूड झालेले. गुरुवारी लाईट गेली तेव्हाच घड्याळ विसरलं असणार. सेल बदलले, टर्मिनल बंद करून सॉफ्टवेअर सुरू केलं, कारण एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बसतो. त्याने ९बी, म्हणजे 'ही घे वेळ' अशी खूण, आणि पाठोपाठ वेळ पाठवली. काकांनी जिन्यातल्या दिव्याचं बटण पडद्यावर दाबलं आणि खिडकीतून मान वळवून बघितलं. दिवा लागला होता.