मधला काळ (भय-भूमिकाखेळ)

भूमिकाखेळात खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका पात्राच्या वतीने बोलतात, वागतात आणि फासे टाकतात. भयप्रधान भूमिकाखेळाची मोहीम, म्हणजे सलग कथा, महिनोन्महिने चालते. तिचा एक अध्याय संपून पुढचा सुरू होईपर्यंतच्या अवधीला येथे ‘मधला काळ’ म्हटले आहे. या अवधीत राक्षस नसतो, पाठलाग नसतो. खेळाडू आपापली कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचे कागद, पुढे ओढतात आणि वाढलेली कौशल्ये, भरत आलेल्या जखमा, ढासळलेले मन, खिशातले पैसे आणि पेटीतले सामान यांचा हिशेब करतात. नवख्याला हे काम कारकुनी वाटते. पण भयखेळात पात्राचे किती नुकसान झाले हे याच वेळी शांतपणे कळते, आणि पुढच्या अध्यायातली भीतीही बरीचशी येथेच तयार होते.

भूमिकाखेळांच्या सुरुवातीला या अवधीचा अर्थ वेगळा होता. 1974 साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तळघरातून आणलेला खजिनाच अनुभवगुणांत मोजला जाई. मोहिमेवरून परतलेला वीर निघताना होता त्याहून बळकट आणि श्रीमंत असे. 1981 साली केऑसियम या अमेरिकी प्रकाशनाने सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ बाजारात आणला आणि ही चढती कमान मोडली. त्यातली पात्रे प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर, ग्रंथपाल अशी साधी माणसे असतात. त्यांची कौशल्ये वाढतात खरी, पण सत्य जितके कळत जाते तितके मन खचते. एकाच शीटवर एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो, म्हणून येथे मधल्या काळाला जमाखर्चाचे रूप येते. पुढचे बहुतेक विवेचन याच खेळाच्या सातव्या आवृत्तीला धरून आहे, कारण तिच्यात या टप्प्याचे नियम सर्वांत तपशीलवार दिले आहेत. नियमपुस्तकात त्याला ‘इन्व्हेस्टिगेटर डेव्हलपमेंट फेज’ असे नाव आहे.

टिक

खेळताना एखादे कौशल्य यशस्वीपणे वापरले की त्याच्या शेजारच्या चौकोनात टिक करायची असते. नशिबाचे गुण खर्चून यश ओढून आणले असेल तर टिक मिळत नाही. अध्याय संपल्यावर प्रत्येक टिकसाठी शंभराचा फासा टाकतात. आकडा सध्याच्या कौशल्यापेक्षा जास्त आला, किंवा 95 च्या वर गेला, तरच वाढ मिळते आणि ती दहा बाजूंच्या फाशाने ठरते. समजा, ग्रंथालयातला शोध 45 आहे. फासा 62 आला, म्हणजे वाढ लागू झाली. दुसऱ्या फाशावर 7 पडले, की पेन्सिलीने 45 खोडून 52 लिहायचे. पण निरीक्षण 78 असेल आणि फासा 31 दाखवत असेल, तर टिक नुसती पुसून टाकायची. जे येत नाही ते लवकर शिकता येते आणि जे येते त्यात भर घालणे अवघड जाते, हा अनुभव एवढ्याशा नियमात नेमका उतरला आहे. नेहमीच्या फेकीत लहान आकडा यशाचा असतो, म्हणून मोठा आला की खेळाडू हळहळतात. या टप्प्यात मात्र तोच आकडा हवा असतो, म्हणून टेबलावरचा मूडही उलटा होतो.

दोन कौशल्यांना टिकचा चौकोनच नसतो. पहिले म्हणजे आर्थिक पत. दुसरे म्हणजे ‘कथुल्हू मिथॉस’, अर्थात विश्वामागच्या भयंकर सत्याचे ज्ञान. हे ज्ञान सरावाने येत नाही. ते निषिद्ध ग्रंथ वाचून येते, किंवा वेड लावणाऱ्या अनुभवातून.

सॅनिटी

सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मनाचा तोल मोजणारे गुण, हा या खेळाचा कणा आहे. पात्राची सुरुवातीची सॅनिटी त्याच्या मनोबलाइतकी असते आणि तिची कमाल मर्यादा 99 वजा मिथॉस-ज्ञान अशी काढतात. ज्ञान 16 झाले की कितीही उपचार केले तरी सॅनिटी 83 च्या वर जात नाही. ही वजाबाकी कायमची असते. मधल्या काळात जे सावरता येते ते या उतरत्या छपराखालीच.

सावरण्याचे मार्ग थोडे आहेत. एखादे कौशल्य वाढून 90 किंवा त्याहून वर गेले, तर आत्मविश्वासाची भर म्हणून सहा बाजूंच्या दोन फाशांइतकी सॅनिटी परत मिळते. मानसोपचाराची फेक महिन्यातून एकदा असते आणि ती यशस्वी झाली तर जेमतेम एक ते तीन गुण हाती लागतात. उपचार उलटले तर आणखी गुण जातात. तिसरा मार्ग स्वतःचा आधार शोधण्याचा आहे. शीटच्या मागच्या बाजूला पात्राची जिवाभावाची माणसे, जपलेली वस्तू, श्रद्धा आणि महत्त्वाची ठिकाणे लिहिलेली असतात. त्यांपैकी एकाच्या सहवासात वेळ घालवायचा आणि सॅनिटीची फेक करायची. ती साधली तर एक ते सहा गुण परत मिळतात. चुकली तर एक गुण जातो, आणि शिवाय त्या आधाराची नोंद बदलून लिहावी लागते. ‘धाकटी बहीण, माझी सर्वांत जवळची’ या ओळीच्या जागी ‘धाकटी बहीण, आता माझ्याकडे पाहून घाबरते’ अशी ओळ येते. सगळ्या नियमपुस्तकात मला हाच नियम सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हल्ला, रक्त, किंकाळी यांपैकी काहीही नसताना तो भीती दिवाणखान्यात आणून बसवतो. चांगला कीपर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, येथे घाई करत नाही. नुसता फासा टाकून पुढे जाण्याऐवजी तो त्या बहिणीचे बोलणे स्वतः करतो.

सवयीचाही नियम आहे. एका जातीचे भीषण प्राणी पुन्हापुन्हा पाहून त्या जातीमुळे होणारी सॅनिटीची हानी ठरलेल्या कमाल मर्यादेला पोचली की पुढे ते पाहून आणखी हानी होत नाही. पण मधल्या काळात हे सरावलेपण एका गुणाने उतरते. काही महिने शांत झोप मिळालेला माणूस पुन्हा दचकू लागतो.

वेळ, ग्रंथ, जखमा

कीपर किती अवधी देतो यावर सगळी तयारी अवलंबून असते. साध्या जखमा रोज एक गुण या गतीने भरतात. एकाच घावात निम्मी किंवा अधिक प्राणशक्ती गेली असेल तर ती मोठी जखम ठरते. मग आठवड्यातून एकदाच शरीरप्रकृतीची फेक, आणि ती जमली तर साधारणतः एक ते तीन गुण. ग्रंथांचा हिशेब याहून लांबचा आहे. वरवरचे वाचन लवकर उरकते, पण सखोल अभ्यास आठवड्यांत मोजतात. ओलाउस वर्मियसने लॅटिनमध्ये उतरवलेल्या ‘नेक्रोनॉमिकॉन’ या काल्पनिक ग्रंथाला नियमांत 66 आठवडे दिले आहेत, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक.

1984 सालची ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांची मोहीम या ओढाताणीचे उत्तम उदाहरण आहे. तिची कथा 1925 मध्ये घडते. न्यूयॉर्क, लंडन, इजिप्त, केनिया, शांघाय असे तिचे अध्याय वेगवेगळ्या देशांत पसरले आहेत. पुढच्या आवृत्त्यांत ऑस्ट्रेलियाची भर पडली आणि 2018 च्या आवृत्तीत पेरूमधला पूर्वाध्याय आला. त्या काळी खंड ओलांडायचा तर बोटच. त्यामुळे येथे दोन अध्यायांमधला काळ म्हणजे बहुतेक वेळा समुद्रप्रवास. जलद बोटीने अटलांटिक पाच-सहा दिवसांत पार होई. लंडनहून सुएझमार्गे शांघाय गाठायला महिन्याहून जास्त लागे. पाच आठवड्यांच्या सफरीत मोठ्या जखमेसाठी पाच फेकी मिळतात आणि मानसोपचाराची एक, तीही सोबत्यांपैकी कोणी त्या विद्येचा असेल तर. 66 आठवड्यांचा ग्रंथ ट्रंकेत तसाच पडून राहतो. कोण विश्रांती घेईल, कोण केबिनचे दार लावून वाचत बसेल, हे खेळाडूंना आपसांत ठरवावे लागते. त्यावरून होणारे वाद हा मोहिमेचा खरा भाग असतो.

सामान आणि कायदा

सामानाची किंमत पात्राच्या आर्थिक पतीशी जोडलेली आहे. 1920 च्या दशकातल्या खेळात पत 10 ते 49 असलेले पात्र मध्यमवर्गीय. त्याचा रोजचा दहा डॉलरपर्यंतचा खर्च हिशेबात धरतच नाहीत. पत 50 ते 89 असेल तर ही मर्यादा पन्नास डॉलर होते. दोर, विजेरी, कंदील, कॅमेरा, प्रथमोपचाराची पेटी या वस्तू मध्यमवर्गीयाला सहज परवडतात. थॉम्पसन सबमशीनगनला मात्र तेव्हा दोनशे डॉलरच्या आसपास मोजावे लागत, आणि 1925 साली फोर्डची सर्वांत स्वस्त मॉडेल टी मोटार 260 डॉलरला मिळे. म्हणजे एक बंदूक जवळपास एका मोटारीच्या भावाची.

नवे खेळाडू शस्त्रांच्या यादीत फार रमतात. ते समजण्यासारखे आहे, पण त्या यादीने खरे संरक्षण फारसे होत नाही. एक तर खेळातल्या बड्या शक्तींना गोळी लागत नाही. दुसरे म्हणजे सरहद्दीवर कायदा आडवा येतो. न्यूयॉर्कमध्ये 1911 च्या सलिव्हन कायद्यामुळे लपवून बाळगता येणाऱ्या बंदुकीला परवाना लागे. ब्रिटनमध्ये 1920 च्या शस्त्र कायद्यानंतर पोलिसांच्या दाखल्याशिवाय पिस्तूल वा रायफल ठेवता येत नसे. न्यूयॉर्कच्या अध्यायात जमवलेला शस्त्रसाठा लंडनच्या गोदीवर उतरवायचा कसा, हा प्रश्न मधल्या काळातच सोडवावा लागतो. अनुभवी गट मग बंदुकीऐवजी ओळखपत्रे, शिफारसपत्रे, दुभाषा आणि बँकेची हुंडी यांवर पैसे खर्च करतात.

सर्वांत उपयोगी सामान कागदाचे असते. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ची ख्याती तिच्या हँडआउटांमुळेही आहे. वर्तमानपत्रांची कात्रणे, पत्रे, एका शांघायी दारूगुत्त्याची आगपेटी असे कितीतरी धागेदोरे खेळाडूंच्या हातात प्रत्यक्ष पडतात. अध्याय संपला की हे कागद देशवार लावणे, तारखा जुळवणे आणि न उलगडलेल्या नावांखाली रेघ ओढणे हे काम कोणीतरी अंगावर घेतो. ज्या गटात हे काम होत नाही, त्या गटाला तिसऱ्या अध्यायात पहिल्या अध्यायातले नाव आठवत नाही आणि सगळी मोहीम अंधारात चालते.

इतर खेळांतील रूपे

‘डेल्टा ग्रीन’ 1997 मध्ये ‘कॉल ऑफ कथुल्हू’ची पुरवणी म्हणून आला आणि 2016 पासून स्वतंत्र नियमांनी खेळला जातो. त्यातली पात्रे आजच्या अमेरिकेतले सरकारी अधिकारी आहेत आणि दोन कामगिऱ्यांमध्ये ती घरी जातात. प्रत्येक पात्राला पत्नी, मूल, जुना मित्र अशी मोजकी ‘बाँड’ म्हणजे नाती असतात आणि त्या नात्यांनाही गुण असतात. मैदानावर बसलेला मनाचा धक्का खेळाडू एखाद्या नात्यावर ढकलू शकतो. घरी आल्यावर ते नाते तितके झिजलेले सापडते. उपचार, प्रशिक्षण किंवा प्रकरणाचा पाठपुरावा यांत वेळ घातला की घरच्यांना आणखी झळ बसते. घरच्या जबाबदाऱ्या निभावल्या तर नाते सावरण्याची संधी मिळते, पण मग बाकीचे राहून जाते. टिकची रीतही येथे उलटी आहे: ज्या कौशल्यात पात्र अपयशी ठरले, तेच वाढते. सामानासाठी खात्याकडे रीतसर मागणी करावी लागते आणि महागड्या वस्तूचे समाधानकारक कारण देता आले नाही तर चौकशी मागे लागते.

स्वीडिश ‘व्हेसेन’ (2020) मधला सूर याहून मवाळ आहे. तेथे उप्सालातला एक पडका वाडा हे गटाचे ठाणे असते. प्रत्येक प्रकरणानंतर मिळालेल्या गुणांतून वाड्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा अशा सोयी वाढवता येतात. पात्रे मोडतात, पण घर उभे राहत जाते, आणि त्यामुळे खेळाडूंना परत येण्याजोगी एक जागा मिळते.

टेबलावरची रीत

हे काम काही गट सत्राच्या शेवटच्या अर्ध्या तासात करतात, काही त्यासाठी वेगळी बैठक ठेवतात. वेगळी बैठक चांगली. दमलेल्या माणसांकडून फासे पटापट टाकले जातात आणि गोष्ट निसटते. मागच्या अध्यायातला कोणता प्रसंग कोणाला नकोसा झाला, पुढे काय पडद्याआड ठेवायचे, हे माणसांमाणसांत बोलून घेण्याची वेळही हीच असते. पात्राची भीती आणि खेळाडूचा खरा त्रास यांत फरक आहे, आणि तो जपण्याची जबाबदारी साऱ्या टेबलाची आहे. सहा महिने चाललेल्या मोहिमेतले शीट हातात घेतले तर सॅनिटीच्या जागी खोडरबराने कागद पातळ झालेला दिसतो.

नवे पात्र

लांब मोहिमेत पात्रे मरतात, वेडी होतात, किंवा शहाणपणाने घरी परततात. त्यांच्या जागी येणारे पात्र मधल्या काळात घडवले जाते. हे पात्र पुढच्या अध्यायाच्या भूमीतले असावे, म्हणजे त्याला भाषा येते, रस्ते माहीत असतात आणि त्याच्या येण्याला कारण मिळते. मराठी खेळाडूंसाठी येथे एक खरा दुवा आहे. त्या काळच्या पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी आणि सारंग असत, तर जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती कारभारी आणि वाढपी. मुंबईत उतरल्यावर गोव्याची ही माणसे आपापल्या गावाच्या ‘कुडी’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, राहत. धोबी तलावाच्या आसपास अशा अनेक कुडी होत्या. लंडन ते शांघायच्या बोटीवर साहेबाच्या केबिनमधून रात्री येणारे आवाज ऐकलेला गोव्यातल्या साळशेतचा वाढपी ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तो त्या बोटीवर खरोखरच असता.

नव्या पात्राला मागचे काहीच ठाऊक नसते, आणि खेळाडूला मात्र सगळे ठाऊक असते. ही अडचण सोडवायला अनेक गट पात्राच्या नावाने वही लिहितात: कोणत्या तारखेला कोठे गेलो, कोण भेटले, कशावर विश्वास ठेवू नये. पात्र गेले की त्याचे सामान वाटताना पिस्तूल एकाकडे जाते, कॅमेरा दुसऱ्याकडे, आणि वही नवख्याच्या हाती. पुढचे सत्र उघडते तेव्हा तो ती वही मोठ्याने वाचू लागतो, आणि गेलेल्या पात्राच्या खेळाडूला स्वतःच लिहिलेली ओळ दुसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकावी लागते.